केंदाळात अडकलेले पाहुणे

मे महिना लागला की बिबवेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांतून माझी रवानगी मावशीकडे व्हायची. वर्गातल्या इतर मुली कोकणात जायच्या, नाशिक-नागपूरला जायच्या. मी पुण्यातून निघून पुण्यातच पोचायचे. दोन बस बदलायच्या, मुंढव्याच्या पुढे शेवटच्या थांब्यावर उतरायचं, उसाच्या बांधांवरून अर्धा तास चालायचं, की नदी लागायची. तिथे नदीचे दोन फाटे होऊन ते खाली पुन्हा एक होत, आणि त्या दोन फाट्यांच्या मधल्या जमिनीवर मावशीचं सासर होतं. सात-आठ एकरांचं बेट, सात घरं, सगळे एकमेकांचे भाऊबंद. "माझी मावशी पुण्यात बेटावर राहते," असं मी शाळेत सांगितलं तेव्हा बाईंनी मला फळ्यावर नकाशा काढून दाखवायला लावला. मी काढला, तरी त्यांचा विश्वास बसला नाही.

बेटावर जायला पूल नव्हता. दोन्ही काठांवरच्या झाडांना एक जाड तार बांधलेली होती आणि तिला धरून हातांनी ओढत न्यायची अशी पत्र्याची सपाट होडी होती. आपण पोचावं तेव्हा होडी हमखास पलीकडे असायची. मग आई दोन्ही हात तोंडाशी धरून "अक्काऽऽ" अशी हाक मारायची. ऑफिसात आणि चाळीत हळू बोलणारी माझी आई एवढ्या मोठ्यानं ओरडू शकते हे मला तिथेच कळलं. फोन फक्त अलीकडच्या काठावर, एका टपरीतल्या एसटीडी बूथमध्ये. बाकी सगळा व्यवहार ओरडून. कुणाच्या घरी काय आणायचंय, कुणाला ताप आलाय, कुणाचा निकाल लागला, सगळं नदीवरून जायचं, त्यामुळे सातही घरांना सगळं ठाऊक असायचं.

सकाळी उजाडायच्या आत मावशी आणि जावा कोथिंबीर उपटायला बसायच्या. मीही जुड्या बांधायचे, पण माझ्या जुड्या सैल होत म्हणून मावशी त्या गुपचूप पुन्हा बांधायची. मग ओल्या पोत्यांत माल भरून होडीतून काठावर, आणि तिथून टेंपोनं मार्केट यार्डला. टेंपोबरोबर काका जायचे, म्हणजे मावशीचे यजमान. ते दुपारी परत यायचे ते काखेत वर्तमानपत्र घेऊन, आणि बाजेवर पडून शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करायचे. दुपारी करंजांच्या दाट सावलीत सगळ्या घरांच्या बाजा ओळीनं टाकलेल्या असत. ऊन उतरेपर्यंत कुणी हलायचं नाही. बायका निजल्या की आम्ही मुलं वाळत घातलेल्या कुरडयांतली अर्धी ओली टोकं मोडून खायचो. रसाच्या दिवशी सातही घरांतून पातेली बाहेर यायची आणि कोण कुणाच्या ताटात जेवतंय याचा हिशोब राहायचा नाही.

नदीत मात्र पोहायला बंदी होती. आईच्या लहानपणी ते पाणी प्यायचे म्हणे. माझ्या वेळेपर्यंत शहराचं सगळं सांडपाणी त्यात येत होतं, आणि उन्हाळ्यात पाणी संथ झालं की केंदाळ माजायचं. वर्तमानपत्रात त्याला जलपर्णी म्हणत. दिसायला सुरेख, जाड हिरवी पानं, जांभळी फुलं. वारा फिरला की त्याचा सबंध गालिचा सरकत यायचा आणि होडीची वाट बुजवून टाकायचा. म्हणून होडीत नेहमी एक विळा आणि एक लांब बांबू असायचा.

मी पाचवीतून सहावीत गेले त्या उन्हाळ्याची गोष्ट. मावशीची मुलगी, माझी ताई, तेव्हा बी. कॉम. होऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती. रोज चप्पल हातात घेऊन होडीत चढायची, काठावर पाय पुसून ती घालायची आणि कॅम्पात जायची. त्या वर्षी तिला एका लहानशा कंपनीत नोकरी लागली होती. परदेशातल्या दवाखान्यांचे कागद टाइप करायचे. बेटावर कुणालाच ते नीट कळलं नव्हतं. धाकट्या काकूंनी एकदा विचारलं, "त्यांचे आजार तू का टायपायचे? त्यांना येत न्हाई का टायपायला?" ताईनं समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

तर त्या ताईला बघायला पाहुणे यायचे होते. मुलगा इंजिनियर, सॉफ्टवेअरमधला, कंपनी बाहेर पाठवणार असं बोललं जात होतं. तो, त्याची आई आणि वडील, तिघेच. सकाळी दहाची वेळ ठरली होती. मावशीनं पहाटेच होडीची वाट साफ करून ठेवली. बेटावरचे बाकीचे पुरुष कुणा भाऊबंदाच्या लग्नाला गेले होते. काका पाहुण्यांना आणायला काठावर थांबले. होडी मावशी ओढणार, आणि मी हट्टानं तिच्याबरोबर गेले.

पाहुणे वेळेवर आले. मुलाचे वडील नदीकडे, तारेकडे आणि होडीकडे बघत राहिले. म्हणाले, "रस्ता जरा आडवळणाचा आहे, एवढंच सांगितलं होतं आम्हाला."

होडीत पाचच माणसं मावायची, म्हणून काका मागेच राहिले. मुलाची आई जरीच्या साडीत, दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरून बसलेली. मावशी उभी राहून तार ओढत होती आणि एकीकडे पाहुण्यांना इथे काय पिकतं ते सांगत होती. अर्ध्याहून जास्त अंतर कापलं आणि वारा फिरला. वरच्या अंगाला साठलेला केंदाळाचा अख्खा ढीग सरकत आला आणि बघता बघता होडीच्या चहूबाजूंनी बसला. मावशीनं तार ओढून पाहिली, बांबूनं ढकलून पाहिलं. होडी जागची हलेना. विळा घ्यायला ती वाकली, तर विळा नव्हता. पहाटे वाट साफ करताना तो बेटावरच राहिला होता.

"बसा निवांत," मावशी म्हणाली. "काय घाबरायचं कारण न्हाई."

"किती वेळ?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"वारा फिरला की निघंल."

"आणि वारा कधी फिरतो?"

"ते काय आपल्या हातात हाय का?"

ऊन तापलं होतं. होडीचा पत्रा चटके देत होता. केंदाळ हललं की खालून कुजका वास यायचा. मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला आणि बारीक आवाजात म्हणाली, "अहो, पण मुलगी कुठंय?"

मावशीनं बेटाकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "ती काय, येतीय पाण्यातनं."

खरंच ताई येत होती. निळी साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा, साडी गुडघ्यांच्या वर खोचलेली आणि हातात विळा. पाणी कमरेएवढं होतं, पण खाली गाळ. एकेक पाय उपसून टाकत, समोरचं केंदाळ कापून बाजूला लोटत ती येत होती. काठावर सातही घरांतल्या बायका आणि पोरं उभी. धाकट्या काकू ओरडून सूचना देत होत्या, त्यांतली एकही ती ऐकत नव्हती.

तेवढ्यात मुलगा उठला, म्हणाला, "मी उतरतो," आणि कुणी काही बोलायच्या आत उतरलासुद्धा. उतरला तो थेट मांड्यांपर्यंत गाळात. हलता येईना. तोंड एवढंसं झालं. मला हसू फुटलं आणि मावशीनं मला चिमटा काढला.

ताई त्याच्याजवळ पोचली. दोघांनी एकमेकांकडे पहिल्यांदा बघितलं ते असं.

"बूट अडकलाय," तो म्हणाला.

"बूट सोडा. पाय काढा."

"नवे आहेत हो."

"मग राहा इथेच," ताई म्हणाली आणि होडीभोवतीचं केंदाळ कापायला लागली.

त्यानं बूट सोडला. मग दुसराही सोडला. ताईनं कापायचं आणि त्यानं ढकलायचं, असं करत पाऊण तासानं होडी काठाला लागली. त्या पाऊण तासात त्यांचं जे बोलणं झालं ते मी अगदी जवळून ऐकलं. त्यानं विचारलं, कॉम्प्युटर किती वेळ मिळतो प्रॅक्टिसला. ती म्हणाली, दोघींत एक, अर्धा अर्धा तास. त्यानं विचारलं, तुम्हाला पोहता येतं का. ती म्हणाली, हो, विहिरीत शिकले, तुम्हाला? तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, मग उतरलात कशाला? तो पुन्हा केंदाळ ढकलायला लागला.

मुलानं विहिरीवर अंग धुतलं. त्याला काकांचा लेंगा दिला, तो त्याला आखूड झाला. ताई दुसरी साडी नेसून आली, पण गजरा चिखलाचा झाला होता. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाच्या आईनं विचारलं, "लग्नानंतरही नोकरी करायचा विचार आहे का?"

"हो," ताई म्हणाली.

मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या घरात सुनांनी अजून नोकरी केलेली नाही."

"मग मी पहिली," ताई म्हणाली.

मावशीनं डोळे मिटून घेतले. वडिलांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं. कळवतो."

पुण्यात 'कळवतो' म्हणजे काय हे बेटावरही माहीत होतं. पाहुण्यांना पलीकडे सोडून आल्यावर मावशी ताईवर जी उखडली ती दोन दिवस. "पाण्यात उतरलीस ते ठीक, पण तोंड का उघडलंस?" ताईनं एकदाच उत्तर दिलं, "त्यांनी विचारलं म्हणून." मग ती रोजच्यासारखी कामाला जात राहिली. पण घरी आल्यावर ती काठावर जास्त वेळ बसायची, हे मी बघत होते. मी एकदा विचारलं, "तुला तो आवडला का?" ती म्हणाली, "तुला काय करायचंय?" आणि थोड्या वेळानं, "घाबरला होता, पण उतरला."

आठ-नऊ दिवस गेले. एका रविवारी दुपारी सगळं बेट झोपलेलं असताना पलीकडून हाक आली. बाईची नाही, पुरुषाची, आणि हाक मारायची सवय नसलेल्या माणसाची. आवाज मध्येच फाटत होता.

मावशी उठून काठावर गेली. "कोन हाय?"

"मी! लेंगा द्यायला आलोय!"

बाजा कुरकुरल्या. एकेक करून सातही घरं काठावर आली. काका वर्तमानपत्र हातात घेऊनच आले. ताई सगळ्यांच्या मागून पुढे आली आणि तिनं ओरडून विचारलं, "नोकरीचं काय ठरलं?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. टपरीवाला बाहेर येऊन उभा होता. मग त्यानं माझ्या आईसारखेच दोन्ही हात तोंडाशी धरले.

"आई हो म्हणाली! बाबा अजून रागावलेत!"

"आणि तुम्ही?"

"मी कशाला नाही म्हणेन? पण पोहायला शिकवावं लागेल!"

बायका इतक्या हसल्या की पुढचं ऐकूच आलं नाही. मावशी हसली नाही. ती ताईकडे वळून म्हणाली, "आता आणू का त्याला अलीकडं?"

"आण," ताई म्हणाली आणि घरात निघून गेली. मी मागे गेले तर ती चुलीपाशी पाठमोरी बसून चहाचं आधण ठेवत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मला बघून म्हणाली, "धूर झालाय." चूल अजून पेटवलेली नव्हती.

दिवाळीनंतर लग्न झालं, मुंढव्यातल्या कार्यालयात. मुलाचे वडील लग्नात सगळ्यांशी बोलले, पण त्या होडीत पुन्हा कधी बसले नाहीत. येणं झालंच तर टपरीवर चहा पीत थांबायचे. मुलाची आई मात्र पुढच्याच मे महिन्यात पिशवी घेऊन काठावर हजर झाली आणि मावशीला हाक मारायला लागली. दोघी विहिणींनी मिळून त्या वर्षी सातही घरांचे पापड लाटले. "आमच्या फ्लॅटमध्ये ऊनच येत नाही हो," त्या म्हणायच्या. नंतर त्या दर वर्षी आल्या, बेट होतं तोपर्यंत.

बेट गेलं ते एकदम नाही. पलीकडे खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या खोदाईची माती एका बाजूच्या फाट्यात पडू लागली. दोन-तीन वर्षांत तो फाटा बुजला. आधी सायकल येऊ लागली, मग ट्रॅक्टर, मग गाड्या. भाऊबंदांतले एकेक जण फ्लॅटमध्ये गेले. काका वारल्यावर मावशी वाघोलीला ताईकडे राहायला गेली. आज त्या जागी कंपाउंडची भिंत आहे. आत काय चाललंय ते दिसत नाही. मी शिकून त्याच काचेच्या इमारतींपैकी एकीत सहा वर्षं नोकरी केली. जेवायच्या सुट्टीत खिडकीपाशी उभी राहून करंजांचे शेंडे शोधायचे. दोन दिसायचे, नंतर एकच.

हे लिहून झाल्यावर मी ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती आता एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची अख्खी टीम सांभाळते. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि मग चुका काढल्या. साडी निळी नव्हती, मोरपंखी होती. पाऊण तास नव्हे, वीस मिनिटं. आणि ती रडली वगैरे नव्हती, खरंच धूर होता. मी म्हटलं, "मग तूच लिही ना."

"मला कुठे वेळ आहे," ती म्हणाली. "सोमवारी रिलीज आहे."