ओल्या हवेचा माणूस

शिवलिंगप्पा तोळणुरे यांनी विमान बांधायला घेतलं, तेव्हा सोलापुरात निम्म्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं आणि उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, "कापड कुठल्या गिरणीचं?" दुसरा प्रश्न त्यांना आवडायचा. कारण त्यांचं विमान खरोखरच कापडाचं होतं.

अक्कलकोटच्या पलीकडं, जिथं अर्धं गाव मराठीत भांडतं आणि अर्धं कानडीत समजूत काढतं, अशा एका गावात ते वाढले. महायुद्धाच्या दिवसांत एक शिकाऊ विमान इंजिन बंद पडून गावाबाहेरच्या ज्वारीच्या रानात उतरलं. सगळा गाव लोटला. कुणी कुंकू लावलं, कुणी लांबूनच हात जोडले. शिवलिंगप्पांनी मात्र माणसांच्या काखेतून हात घालून पंख चाचपला आणि पळत घरी येऊन आईला सांगितलं, "अव्वा, विमान कापडाचं असतंय!" ते पत्र्याचं निघालं असतं, तर त्यांनीही हात जोडून विषय सोडला असता. कापडाचं म्हटल्यावर ती गोष्ट परकी राहिली नाही.

पुढं ते सोलापुरातल्या एका गिरणीत लागले. मागावर नव्हे, हवेवर. मागाच्या खात्यात हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटतं, म्हणून छताखालच्या मोठाल्या पाटांतून पाण्याच्या फवाऱ्यातली ओली, गार हवा आत सोडतात. त्या हवेची राखण शिवलिंगप्पांकडं होती. बाहेर बेचाळीस डिग्रीचं ऊन असलं तरी त्यांच्या खात्यात शिरलेल्या माणसाला विहिरीत उतरल्यासारखं वाटे. भिंतीवरचा ओला-कोरडा थर्मामीटर ते बघायचे, पण नंतर. आधी मनगटाची आतली बाजू हवेत धरायचे आणि म्हणायचे, "कोरडी झाली. वाढवा फवारा." जॉबरपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना मान देत. हवा थंड करायची म्हणजे ओली करायची, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की ते शिकल्याचंही त्यांना आठवत नव्हतं.

होटगी रस्त्याच्या बाजूला एका नातेवाइकाचं रिकामं गोदाम होतं. तिथं सुट्टीच्या दिवशी लाकूड तासत, चिकटवत, सांगाडा उभा राहिला. त्यावर बारीक सुताचं कापड ताणून बसवलं, ते ताठ राहावं म्हणून लुकणाचे हात दिले. जुन्या जर्मन मोटारीचं इंजिन पुढं बसलं. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील, एवढी केबिन झाली. नकाशे बाहेरून मागवलेले होते, परवानग्या मुंबई-दिल्लीहून आल्या, पण प्रत्येक जोड शिवलिंगप्पांच्या हातचा होता. त्यांची बायको गुरम्मा डबा घेऊन यायची आणि पंखाला चिमटीत धरून कानडी वळणानं म्हणायची, "एवढ्या कापडात माझी किती लुगडी झाली असती, सांगा री!"

विमान चालवायला अण्णाराव होते. करमाळ्याकडचे, पूर्वी फ्लाइंग क्लबात शिकवत, आता सोलापुराजवळ शेती बघत. मिशा पिळदार, जीभ त्याहून तिखट. पहिली उडी त्यांनीच मारली आणि खाली येऊन म्हणाले, "आप्पा, बैलगाडी हाय, पण उडतीय!" शिवलिंगप्पांना त्या दिवशी आनंदानं जेवण गेलं नाही.

ते स्वतः मात्र विमानात कधी बसले नव्हते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बांधणाऱ्यानं खालून बघायचं असतं. वर बसल्यावर आवाजातली खोट कळत नाही." हे खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं.

पहिलं दुखणं वायरलेसनं काढलं. धावपट्टीशी बोलायला जुन्या बाजारातून आणलेला सेट समोरच्या काट्यांच्या पाटीखाली बसवला होता. सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात तो तापायचा. आधी आवाज फाटायचा, मग घोगरा व्हायचा आणि मग सेट मुका. चालत्या वायरलेसशिवाय कायमचा परवाना मिळणार नव्हता.

शिवलिंगप्पांनी मनगट सेटजवळ धरलं आणि हसले. हा तर त्यांच्या घरचा रोग. विमानाच्या नाकाशी हवा आत यायला भोक होतं. त्यात त्यांनी वाळ्याची छोटी ताटी बसवली आणि वर थेंबथेंब गळणारी पाण्याची डबी. वारा ओल्या वाळ्यातून गार होऊन सेटवरून जायचा आणि पाटीच्या वरच्या फटीतून केबिनमध्ये निघायचा. सेट बोलू लागला. अण्णाराव उतरले ते छाती फुगवून. "आप्पा, वर वाळ्याचा वास येतोय! लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं वाटतंय. नुसती करवली न्हाय." गावातले इंजिनियर मुद्दाम ती ताटी बघायला आले. शिवलिंगप्पांनी सगळ्यांना समजावून सांगितलं आणि प्रत्येकाला वास घ्यायला लावला.

मग डिसेंबर आला. परवान्यासाठी मुंबईचे तपासणी अधिकारी संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेआधी येणार, असं ठरलं. सराव म्हणून अण्णाराव एका थंड सकाळी उडाले. नेहमीप्रमाणे शिवलिंगप्पांनी डबी पाण्यानं भरून दिली, वाळा भिजवून दिला. देवाला पाणी घालावं, तितक्या नेमानं.

विमान खूप वर गेलं, टिपक्याएवढं झालं, मग उतरायला लागलं. पण सरळ येईना. खेकड्यासारखं तिरकं येत होतं. शेजारची खिडकी उघडी होती आणि तिच्यातून अण्णारावांचं डोकं बाहेर आलं होतं. मैदानात मेंढरं घुसली होती. राखणदार ओरडत पळाला. चाकं टेकली, उसळली, परत टेकली आणि विमान मेंढरांपासून थोडं अलीकडं येऊन थांबलं.

अण्णाराव उतरले. हातात भिजलेला रुमाल होता. मिशा लोंबत होत्या.

"आप्पा, मला समोरचं काय दिसंना. काच आतनं पांढरी झाली. पुसली की परत पांढरी. आंघोळीच्या न्हाणीत बसून विमान उतरवलंय मी आज."

"तुम्ही वर लई बोलत असाल. तोंडाची वाफ."

"कुणाशी बोलणार? मी एकटा हाय की!" अण्णारावांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "हे बघा, तुमच्या विमानाला मी नावं ठेवली, पण कधी घाबरलो न्हवतो. आज घाबरलो. समोर दिसल्याशिवाय मी परत यात बसणार न्हाय. दुसरा कोण मिळाला तर बघा."

दुसरा कुणी नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. अण्णाराव बसले नाहीत तर अधिकाऱ्यांना दाखवायचं काय? परवाना गेला तर ते विमान गोदामात उभं राहणार आणि कापड उंदरांना जाणार.

दुसऱ्या दिवशी शिवलिंगप्पांनी काचेला साबण चोळला. वाफ धरेना खरी, पण उन्हात काच अशी चकाकली की अण्णारावांनी आत डोकावून नकाराचा हात हलवला. "पांढऱ्यातनं पिवळ्यात आलो, आप्पा. दिसत न्हायच."

मग त्यांनी वेगळं केलं. वर जाऊन बघता येत नव्हतं, तर वरची थंडी खाली आणायची. सोडावॉटरवाल्याकडून बर्फाची लादी आणली, फोडून गोणपाटात भरली आणि गोदामात उभ्या विमानाच्या काचेवर बाहेरून पसरली. वायरलेस सुरू केला. नाकाशी टेबलफॅन लावून वारा घातला. डबी भरली, वाळा भिजवला, आणि आत बसायला गुरम्माला बोलावलं.

"मी कशाला?"

"दोन माणसांचा श्वास लागतो. बस."

गुरम्मा लुगडं आवरून त्यांच्या शेजारी बसली. बसल्या बसल्या तिनं सगळं बघून घेतलं. "री, तुमची जागा कुठली?"

"हीच. म्हणजे... तू बसलीस ती."

"मग तुम्ही यात बसून कधी वर गेला नाहीत होय?"

"खालून आवाज ऐकावा लागतो."

"अय्यो! अण्णारावभाऊजींना बायका-पोरं नाहीत काय? दुसऱ्याला बसवायचं आणि आपण खाली उभं राहून आवाज ऐकायचा. बरं हाय की!"

शिवलिंगप्पा काचेकडं बघू लागले. आणि बघता बघता त्यांना दिसलं. वाफ त्यांच्या तोंडासमोर धरत नव्हती. ती काचेच्या खालच्या कडेपासून वर चढत होती, पाटीच्या फटीच्या बरोबर वर, जिथून त्यांची गार, वासाची हवा बाहेर पडत होती.

त्यांनी मनगट फटीवर धरलं. बराच वेळ धरलं. ही हवा त्यांना ओळखीची होती. रोज सकाळी गिरणीत ते हीच हवा करायचे.

"गुरम्मा," ते म्हणाले, "काचेला काही झालं नाही. मी गिरणी आत घातली."

मे महिन्याच्या कोरड्या दिवसांत ते पाणी हवेत विरून जायचं. डिसेंबरात थंड काचेवर ते जमणार नाही तर काय होणार? वाळा भिजवायची गरजच नव्हती. भिजवला, कारण हात भिजवायला शिकलेले होते. या चुकीपायी एक माणूस मेंढरांत घुसणार होता, थोडक्यात वाचला, हे त्यांनी त्याच दुपारी अण्णारावांच्या दारात जाऊन सांगितलं. आडवळण घेतलं नाही, थंडीला दोष दिला नाही. अण्णाराव शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मूठभर शेंगा पुढं केल्या आणि एवढंच म्हणाले, "कारण सापडलं. आता औषध आणा."

शिवलिंगप्पांनी वाळ्याची ताटी काढली, तेव्हा त्यांना आपल्या अंगावरचं काही उतरवल्यासारखं झालं. पुन्हा बर्फ ठेवला, पुन्हा गुरम्माला बसवलं. आता वाफ उशिरा धरली, आणि तीही दोघांच्या तोंडासमोर. ती श्वासाची होती. पण फटीच्या वर भाकरीएवढी जागा स्वच्छ राहिली. तिथं हात धरला तर हवा कोमट आणि कोरडी. सेटची गरमी घेऊन ती बाहेर पडत होती.

आठ महिने ज्या गरमीला ते विमानाबाहेर हाकलायला बघत होते, तीच काचेला हवी होती!

मग काम सोपं झालं, म्हणजे शिवलिंगप्पांच्या हाताला सोपं. मोटारीतला बॅटरीवरचा छोटा पंखा आणला. तो सेटवरून हवा जोरात ओढणार. पाण्याची उणीव वाऱ्यानं भरून काढायची. तापलेली हवा पत्र्याच्या चपट्या नळीतून काचेच्या मुळाशी सोडायची. नळीचं तोंड त्यांनी कितीदा ठोकलं, मोडलं, परत ठोकलं. वारा काचेला घासून वर चढला पाहिजे, तोंडावर येता कामा नये. सेट टिकतो का, हे बघायला भर दुपारच्या उन्हात बंद केबिनमध्ये, शेजारी निखाऱ्यांची शेगडी ठेवून तो चालू ठेवला. विमानात कुणी नव्हतं, नुसता सेट. बोलायचं बटण दोरीनं बांधलं आणि घरचा रेडिओ माईकच्या तोंडाशी ठेवला. धावपट्टीवरच्या वायरलेसवर अण्णारावांनी बाजारभाव ऐकले, भजन ऐकलं, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम ऐकला. "आवाज खणखणीत हाय," ते येऊन म्हणाले. "पण करडईचा भाव पडलाय."

अधिकारी आले. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळं विमान हात लावून तपासलं, बर्फाची हकीगत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "जमिनीवर पटलं. वरून उतरताना काचेतून दिसायला हवं आणि मला आवाज ऐकू यायला हवा. दोन माणसांनिशी."

अण्णारावांनी शिवलिंगप्पांकडं पाहिलं. "दुसरा कोण?"

गोदामाच्या दाराशी गुरम्मा उभी होती. बोलायचं ते तिनं आधीच बोलून ठेवलं होतं.

"मी," शिवलिंगप्पा म्हणाले.

"बरं झालं," अण्णाराव पट्टा ओढत म्हणाले. "न्हाय दिसलं तर दोघांनाबी न्हाय दिसणार."

जमीन सुटली तेव्हा शिवलिंगप्पांनी दोन्ही हातांनी बैठकीची कड धरली होती. तलाव ताटलीएवढा झाला, गिरणीची धुराडी खिळ्यांसारखी दिसायला लागली. थंडी बोचू लागली. कापड वाऱ्यानं थरथरत होतं आणि त्यांचा प्रत्येक जोड त्यांना आपल्याच हाडांत ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं अण्णारावांनी नाक खाली केलं.

वरच्या थंडीत सेटला वाऱ्याची गरज नव्हती, म्हणून पंखा बंदच होता. उतरताना काचेवर वाफ धरली. कोपऱ्यांतून, मग मधे, पांढरी. अण्णाराव खिडकीच्या कडीकडं हात नेऊ लागले.

"थांबा," शिवलिंगप्पा म्हणाले आणि पंख्याचं बटण दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग काचेच्या मुळाशी एक काळी रेघ उमटली. ती बोटाएवढी झाली, मग वीतभर, मग वर चढत गेली, आणि तिच्यामागून होटगीचा रस्ता, बाभळी, धावपट्टी, तिच्या टोकाशी उभी असलेली छोटी छोटी माणसं, सगळं एकेक करून आत आलं. अण्णारावांचा हात कडीवरून मागं फिरला.

वायरलेसमधून अधिकाऱ्यांचा आवाज आला, "काच?"

अण्णारावांनी माईक शिवलिंगप्पांच्या हातात दिला. "दिसतंय की साहेब," ते म्हणाले. "तुमची टोपीसुद्धा."

विमान सरळ आलं आणि धावपट्टीच्या मधोमध टेकलं. इंजिन बंद न करताच अण्णारावांनी ते वळवलं. समोरून अधिकारी चालत येत होते, मागं गुरम्मा पदर सावरत भरभर येत होती. शिवलिंगप्पा पट्टा सोडायला लागले.

"राहू द्या," अण्णाराव म्हणाले. "साहेबांना विचारतो आणि परत एक फेरी मारू. आज मला लई बोलायचंय तुमच्याशी वर."