शिसं कुठून आलं

“डबापण उघडून बघा की, मॅडम. जेवण हाय, शिसं न्हाय,” शेखचाचा म्हणाले आणि त्यांनी खरंच स्टोअरच्या काउंटरवर डब्याचं झाकण काढलं. भाकरी आणि दालचा. पाठीमागं लाइनवरच्या तीसेक बायका हात थांबवून बघत होत्या. मी डब्यात पाहिलं. मग त्यांच्या पिशवीत हात घातला. आज सांगताना लाज वाटते, पण घातला.

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात क्वालिटी बघते. मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड आम्ही बनवतो. संशय घेणं हेच माझं काम, आणि ते मला जन्मतःच येतं. नवऱ्यानं मंडईतून आणलेली मेथीची जुडीसुद्धा मी सोडून आतून बघते. घरी मला सीआयडी म्हणतात.

झालं असं होतं. त्याच्या तीन दिवस आधी युरोपातल्या गिऱ्हाइकाची मेल आली होती. त्यांनी आमच्या मालातली पाच कार्डं तपासली आणि त्यातल्या दोनांत शिसं सापडलं. सोबत फोटो, लाल गोल केलेले. दहा दिवसांत कारण कळवा, नाहीतर पुढची ऑर्डर रद्द.

आता हे शिसं म्हणजे काय भानगड, ते सांगते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिसं, पारा, कॅडमियम असले विषारी पदार्थ ठरलेल्या मर्यादेबाहेर असू नयेत, असा नियम आहे. आम्ही त्याला ‘रोहस’ म्हणतो. कारण वस्तू कधीतरी भंगारात जाते, आणि मग हे विष मातीत, पाण्यात, पोराबाळांच्या पोटात जातं. शिशाची मर्यादा हजारात एक भाग. आणि शिसं येतं कुठून? सोल्डरमधून. सोल्डर म्हणजे पार्ट कार्डाला जोडण्यासाठी वितळवायची मऊ तार. जुन्या तारेत शिसं भरपूर. नव्या तारेत कथील, थोडी चांदी, थोडं तांबं, शिसं नाही.

आमच्याकडं दोन्ही तारा असतात. एक्सपोर्टच्या लाइनला नवी, हिरव्या स्टिकरची. गावातले कारखानदार जुनी कार्डं दुरुस्तीला आणतात, त्या सर्व्हिस विभागाला जुनी, लाल स्टिकरची. दोन कपाटं, आणि दोन्हींच्या किल्ल्या स्टोअरकीपर शेखचाचांकडं.

माझा पहिला संशय मात्र पुण्याच्या डीलरवर. त्याला फोन लावला.

“मॅडम, सर्टिफिकेट दिलंय की.”

“दिलंय. दर वेळी तेच दिलंय. नुसती तारीख बदलता. स्पेलिंगची चूकसुद्धा तिथंच आहे. टेस्ट खरंच करता का?”

तो म्हणाला, “कंपनीकडनं येतं तसं आम्ही पाठवतो.”

सापडला, म्हटलं. लगेच पुण्याहून एक्सआरएफ गन भाड्यानं मागवली, चालवणाऱ्या माणसासकट, दोन दिवसांसाठी. केस वाळवायच्या मशीनसारखी दिसते. वस्तूवर टेकवली की आत कोणता धातू किती आहे, ते आकड्यात दाखवते. आम्ही हिरवे रोल तपासले. स्वच्छ. कार्डं ज्या वितळलेल्या सोल्डरवरून जातात, ते मोठं भांडं तपासलं. तेही स्वच्छ. सगळे पार्ट स्वच्छ. डीलर बिचारा खरं बोलत होता, आणि मला त्याचा रागच आला.

म्हणजे शिसं बाहेरून येत नव्हतं. आमच्याच घरात कुणीतरी घालत होतं.

मी स्टोअरमध्ये गेले आणि हिरव्या तारेचं कपाट उघडायला लावलं. खालच्या खणात लाल स्टिकरचा अर्धा रोल!

“हे इथं काय करतंय, चाचा?”

“लाल तारेच्या कपाटाची कडी मोडलीय, मॅडम. दोनदा सांगितलं दुरुस्त करा म्हणून. लाल तार कमी होतीय, कुणीतरी नेतंय. म्हणून कुलपात ठिवली.”

मला ती थाप वाटली. चांदीची तार महाग, शिशाची स्वस्त. हिरवा रोल बाहेर विकायचा आणि लाइनला लाल द्यायची, असा सरळ हिशोब माझ्या डोक्यात जुळला. मग मी विचारलं, रोज पिशवीत काय नेता? त्यावर तो डबा उघडला गेला.

पिशवीत एक टॉवेल, चष्म्याचं घर आणि बीपीच्या गोळ्या होत्या. मी पिशवी परत सरकवली. तिथंच माफी मागायला हवी होती. माझे वडील मिलमध्ये होते. सुटताना गेटवर त्यांची रोज झडती व्हायची, आणि रात्री जेवताना ते त्या झडतीला शिव्या घालायचे. हे सगळं ऐकत मी वाढले आणि शेवटी काउंटरवर तेच केलं.

आमचे मालक, देशमुखसाहेब, तोवर खाली आले होते. त्यांनी कपाट बघितलं, रोल बघितला.

“किल्ली कुणाकडं असते?”

“चाचांकडं.”

“मग आता आणखी काय शोधायचंय? शेख, चौकशी होईपर्यंत घरी बसा. उद्या ठरवू काय करायचं ते.”

शेखचाचांनी किल्ल्यांचा जुडगा काउंटरवर ठेवला. माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, “रिटायरला आठ महिने राहिलेत, मॅडम. चोर म्हणून नका घालवू.” डब्याला झाकण लावलं आणि निघून गेले. जेवले नाहीतच.

दुसऱ्या दिवशी गन आमच्याकडं संध्याकाळपर्यंतच होती. चाचांनी तारा बदलल्या असतील, तर सगळ्याच बायकांच्या कामात शिसं निघायला हवं. पुरावा पक्का करायचा म्हणून मी पॅक झालेली कार्डं सोडवली आणि एकेक जॉइंट तपासायला बसले. हातानं सोल्डर करायची सात टेबलं आहेत, आणि प्रत्येक टेबलाची बाई कार्डाच्या कोपऱ्यात आपल्या नंबराचा शिक्का मारते. एक नंबर स्वच्छ. दोन, तीन स्वच्छ. चार नंबरवर आकडा उसळला. परत चार नंबर, परत शिसं. पाच, सहा, सात स्वच्छ.

गनवाला म्हणाला, “मॅडम, रोल बदलला असता तर सगळीकडं आलं असतं.”

“कळतंय मला,” मी खेकसले. कळत होतं म्हणूनच.

चार नंबर म्हणजे पद्माक्का. घरात तेलुगू बोलणारी, विणकराच्या घरातली, आणि आमच्याकडचा सगळ्यात सफाईदार हात. आता माझा संशय तिच्याकडं वळला. चाचा आणि अक्का मिळून तर नाहीत? मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. तिनं टेबलावरच्या हिरव्या रोलनं एक जॉइंट केला, भिंगाखाली बघितला, नाक मुरडलं. मग साडीच्या ओच्यातून विणकरांची कांडी काढली, आपली बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याची असते ती. तिच्यावर धाग्याऐवजी सोल्डरची तार गुंडाळलेली होती. तिचं टोक जॉइंटला लावलं, वरून एक हात फिरवला. जॉइंट लखलखला.

“अक्का, ही तार कुठली?”

ती दचकली, पण लपवलं काहीच नाही. “सर्व्हिसमधली, मॅडम. तिकडच्या बायका उरलेली ठिवतात, मी घेते. कडी मोडलीय तर कपाटातूनबी घेतली थोडी.”

“अगं पण का? हिरवी तार देतोय ना आम्ही?”

“हिरवीनं काम घाण दिसतंय की. राखेवानी. तुमच्या तपासणीच्या नव्या पोरी परत पाठवतात, दिवसाला दहा दहा कार्डं. चार नंबर खराब, चार नंबर खराब. सगळ्यांदेखत. वीस वर्षं काम केलं मी, असं कुणी म्हणालं नव्हतं.” मग तिनं तपासणीच्या टेबलावरच्या भिंतीकडं बोट दाखवलं. “तुमीच की लावलाय नमुना. असं चमकायला पायजे म्हणून.”

तिथं नमुन्याचं कार्ड टांगलेलं होतं. प्रत्येक जॉइंट आरशासारखा. खाली ‘याप्रमाणे असेल तरच पास’ आणि माझी सही.

ते कार्ड आम्ही शिशाची तार वापरत होतो तेव्हाचं. शिसं असलं की जॉइंट चमकतो. बिनशिशाचा जॉइंट मुळातच मळकट दिसतो, आणि तो तसाच बरोबर असतो. तार बदलली तेव्हा मी कागद बदलले, स्टिकर बदलले, पगाराच्या दिवशी लाइनवर भाषणसुद्धा ठोकलं. भिंतीवरचा नमुना काढायचा राहिला. जुन्या तपासनिसांना फरक माहीत होता, म्हणून ते नमुन्याकडं बघतच नव्हते. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या मुलींना मी स्वतः शिकवलं होतं: डोळे झाकून नमुना पाळा. बाकीच्या बायका परत आलेलं कार्ड घासूनपुसून पुन्हा पुढं सरकवायच्या. अक्काला ते सहन झालं नाही.

मी गन त्या कांडीवर टेकवली. मग स्टुलावर चढून नमुन्यावर टेकवली. दोन्हीकडं शिसं.

देशमुखसाहेबांना वर जाऊन सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते तोवर ठीक होतं. मग म्हणाले, “मग लिहून टाका, ऑपरेटर एरर. बाईला काढलं म्हणून कळवू. गिऱ्हाईक खूष.”

“एरर माझी आहे, साहेब. नमुन्यावर सही माझी आहे.”

“तुम्ही क्वालिटी हेड. तुमचं नाव रिपोर्टात गेलं तर आमची काय इज्जत राहील?”

“अक्काला काढलं, तर तिच्या जागी येणारी बाई तोच नमुना बघून तेच करेल. मग ऑर्डरही जाईल आणि इज्जतही.”

कदाचित त्यांनाही संशय येत असावा, की ही बाई एवढं खरं का बोलतेय. शेवटी “बघा बुवा, तुमची तुम्ही निस्तरा” म्हणाले.

मी खरं कारण लिहिलं. नवा, मळकट जॉइंटचा नमुना करून त्याचा फोटो जोडला. संशयाच्या सगळ्या कार्डांच्या बदल्यात नवी कार्डं पाठवली. गिऱ्हाइकानं पाच-सहा प्रश्न विचारले आणि ऑर्डर ठेवली. पद्माक्काला मी समोर बसवून सांगितलं, की मळकट म्हणजे खराब नव्हे. तिला ते अजून पटलेलं नाही, पण कांडी तिनं माझ्या हातात दिली. शिशाच्या हातानं जेवू नये, हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. तेही सांगितलं.

राहिले शेखचाचा. मी फोन केला. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले. मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हटलं, “चाचा, चूक माझी झाली. माफ करा.”

ते बसलेच नाहीत. म्हणाले, “झडती कुटं घेतली होती, मॅडम?”

“काउंटरवर.”

“मग तितं चला की.”

मी गेले. लाइन थांबवायला लावली. सगळ्या बायकांसमोर, त्याच काउंटरपाशी उभं राहून सांगितलं, की चाचांनी काहीही केलेलं नव्हतं, लाल तार कमी होतेय हे ते खरंच सांगत होते, आणि मी त्यांचं ऐकलं नाही. चाचांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि किल्ल्या उचलल्या.

मग त्यांनी हिरवं कपाट उघडलं, एकेक रोल काढून माझ्यासमोर ठेवला, कागदावर नोंद केली आणि पेन माझ्यापुढं धरलं. “आता रोज सकाळी अशी सही लागंल, मॅडम. कपाटात काय हाय ते तुमी बघितलं, अशी. आठ महिने.”

मी रोज सही करते. एक दिवसही ते ती माफ करत नाहीत. नव्या मुलींना मी आता पहिल्याच दिवशी सांगते: संशय जरूर घ्या, पण सुरुवात ज्या कागदावर आपली सही आहे तिथून करा. ऐकून त्या हसतात. चाचा हसत नाहीत.