वेळेआधी दिलेली किल्ली

आमच्या समोरचे घड्याळवाले उभ्या जन्मात कुठे उशिरा पोचले नाहीत. गिऱ्हाइकाला शनिवारचा वायदा केला, की घड्याळ शुक्रवारीच तयार. बायकोचं नेमकं उलटं. स्वतःच्या लग्नातही ही उशिरा आली, हे ते चारचौघांत सांगायचे आणि ती म्हणायची, "आले ना पण!"

मग त्यांचा हात कापायला लागला. दुकान बसलं, घराचे हप्ते थकले. बँकेची नोटीस आली: अमुक तारखेपर्यंत थकबाकी भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ. या गृहस्थांनी तीही वायद्यासारखीच वाचली.

मला कळलं ते दारात खोकी दिसली तेव्हा. मी सरळ आत शिरले.

"हे काय चाललंय?"

"सकाळी बँकेत किल्ली देऊन आलो, बाई. ताब्याच्या कागदावर सहीसुद्धा केली."

"तारीख तर अजून लांब आहे! मागितली होती कुणी?"

"मागायची वेळ कशाला येऊ द्यायची?"

असा संताप आला! अहो, ती मुदत घर सोडायला नसते, वाचवायला असते. हरकत घ्या, हप्ते बांधून मागा, कोर्टात जा. आपण होऊन किल्ली नेऊन दिलीत, तर कायदा तरी काय करणार, कपाळ?

माझी भाची वकील आहे. तिला तिथूनच फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकरवर.

"मावशी, घर कुणाच्या नावावर आहे?"

"दोघांच्या."

"मग काकूंनी सही केली का?"

घड्याळवाले कसनुसे झाले. "हिला तयार राहा म्हटलं होतं. हिची चप्पलच सापडेना. बँकेतले म्हणाले, उद्या घेऊन या."

"अजिबात नेऊ नका," भाची म्हणाली. "घरातून हलू नका. मी आजच अर्ज तयार करते, उद्या दुपारी कोर्टात या. घर वाचेलच असं सांगत नाही. एक सही झालेली आहे, ती आपल्याला जड जाणार. पण भांडता येईल."

ते खोक्यावर बसले. "म्हणजे आता नुसती वाट बघायची?"

"जन्मभर माझी बघितलीत की," खोक्यातून तवा काढत बायको म्हणाली. "सराव आहे तुम्हाला."

कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच खिडकीतून पाहिलं, तर घड्याळवाले दुपारच्या कोर्टासाठी आत्ताच कपडे करून दाराबाहेर उभे. आतून बायको ओरडली, "थांबा हो जरा!" ते थांबले. हात मात्र सवयीने खिशात नसलेली किल्ली चाचपत होता.