मऊ भिंत

घरात त्याला बारक्या म्हणत आणि ऑफिसात भिंतवाला. मोबाइलवरचे शर्यतीचे गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत भिंती करायचं काम त्याच्याकडे होतं. गेम स्टॉक कारचा: लंबगोल ट्रॅक, आणि एकमेकींना घासत, दारं चेपवत गोल पळणाऱ्या गाड्या. खेळणारे म्हणजे रांगेत उभ्या उभ्या वेळ घालवणारे लोक. त्यांना हरायला आवडत नाही. म्हणून बारक्याची भिंत मऊ होती. गाडी आदळली की ती अलगद आत ढकलायची, वर थोडा वेगही द्यायची. वळणावर ब्रेक न दाबता भिंतीला टेकून गेलं की पहिला नंबर ठरलेला. येईल त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं, हाच धंदा.

त्याचा मोठा भाऊ खराखुरा रेसर. अपघातात उजवा हात अधू झाला, टीमनं काढून टाकलं आणि माणूस खिडकीशी बसून राहिला. वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावायची, तेव्हा तो डोळे मिटून घ्यायचा. मन रमेल म्हणून बारक्यानं त्याच्या फोनमध्ये गेम टाकून दिला. दादा जिंकायला लागला. रोज दाढी करायला लागला, वहिनीची थट्टासुद्धा करायला लागला.

"बारक्या, हात परत आला रे. वळणं बघ कशी काढतोय. टीमशी बोललोय, रविवारी गाडी देतायत."

बारक्याच्या तोंडचं पाणी पळालं. हात नाही, भिंत जिंकतेय, एवढंच सांगायचं होतं. संध्याकाळी वहिनीनं त्याला जिन्यात गाठलं.

"भावजी, तुम्हाला त्यातलं कळतं. बरा झालाय का हो यांचा हात?"

भित्रा माणूस. त्याला खिडकीशी बसलेला दादा आठवला. दगडापेक्षा वीट मऊ, अशी मनाची समजूत घालून तो म्हणाला, "बराच सुधारलाय, वहिनी." टीम हात तपासेल आणि परस्पर नाही म्हणेल, अशी त्याला आशा होती. टीमनं काही तपासलं नाही. जुनं नाव होतं, तिकिटं खपत होती.

रविवारी तिसऱ्या वळणावर सगळ्यांनी ब्रेक दाबले. दादानं नाही दाबला. रोजच्या सवयीनं त्यानं गाडी भिंतीला टेकवली. भिंत काँक्रीटची होती. लोक उभे राहिले, बहुतेकांनी आधी फोन काढले.

दादाचे दिवस झाल्यावर बारक्या कामावर गेला आणि त्यानं गेममधली भिंत कडक केली. टेकलात की शर्यत संपली. तक्रारींचा पाऊस पडला. भिंत लागते, मजा गेली, कुठल्या गाढवानं केलंय हे?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं दुःख कळतं मला. पण लोक गेम काढून टाकतायत."

जेवणाच्या सुट्टीआधी त्यानं भिंत पुन्हा मऊ केली.

घरी आला तेव्हा वहिनी खिडकीशी दादाच्या खुर्चीत बसली होती, हातात दादाचा फोन. ती गाडी भिंतीला घासत नेत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"भावजी, मला साधी सायकल येत नाही. काल दिवसभर हरत होते. आज दुपारपासून प्रत्येक वेळी पहिली येतेय. काय केलंत तुम्ही?"

बारक्या चपला न काढता दारातच उभा राहिला.

"यांच्या वेळीही असंच होतं का?" तिनं विचारलं, आणि पुढची शर्यत सुरू केली.