नवरदेवाच्या गाडीचा वायपर

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच तोंड उघडतो. कारण ही गोष्ट मी स्वतःहून कधी सांगत नाही. आमची ही सांगते, तिच्या माहेरची माणसं सांगतात, आणि मी आपला चहाचा कप तोंडाला लावून बसतो. आज म्हटलं, होऊन जाऊ दे, माझ्याच तोंडून ऐका!

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. आम्ही भाईंदरजवळ हाटकेशला राहायचो. तीन मजली बिल्डिंग, आणि सबंध बिल्डिंगमध्ये चारचाकी फक्त माझी! सेकंडहँड होती, पण पांढरीशुभ्र होती, आणि मुख्य म्हणजे तिच्या मागच्या काचेलाही वायपर होता. तुम्हाला आज त्याचं काही वाटणार नाही. तेव्हा पुढचे दोन वायपर चालले तरी लोक खूश असायचे हो! मी येणाऱ्याजाणाऱ्याला गाडी पुढून नाही, मागून दाखवायचो.

गाडी घेऊन महिना झाला नाही तोच माझ्या मेहुण्याचं, राजूचं, लग्न ठरलं. माझ्या बायकोचं, शालिनीचं, माहेर पेणकरपाड्याला. लग्नाचा हॉल भाईंदरला. शालिनीनं माहेरी जाहीर करून टाकलं, "नवरदेव आमच्या गाडीतून जाणार!" तिच्या मनात एकच होतं. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग होणार होतं, आणि ज्याला तिनं कडेवर घेऊन वाढवलं तो धाकटा भाऊ आमच्या गाडीतून रुबाबात उतरताना त्या कॅसेटमध्ये आला पाहिजे. बस्स. साडी नको, मानपान नको. आता एवढं साधं मागणं माझ्या हातून चुकेल? तुम्हीच सांगा, चुकेल?

शनिवारी, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी, मी गाडी धुवायला काढली. धुताना गाणी पाहिजेत म्हणून चावी फिरवून टेप लावला. जरा वेळानं आवाज वाढवायला आत हात घातला आणि भलतंच बटण दाबलं गेलं. त्या बटणांवर चित्रं असतात ना, ती मला अजूनही कळत नाहीत. पंखा समजून दाबावं तर दिवा लागतो! मागून 'घूंऽऽ' असा आवाज आला. बघतो तर वायपर काचेवर चढतोय! मी घाबरून खटकन चावी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. वायपर होता तिथेच थांबला. काचेच्या बरोबर मधोमध, ताठ उभा.

हातानं खाली दाबला. हलेना. दोन्ही हातांनी दाबला. हलेना! झालं, म्हटलं, अडकला.

आता पंचाईत अशी, की संध्याकाळी डेकोरेशनवाला येणार होता. मागच्या काचेवर थर्माकोलचा मोठा बदाम लागणार, त्यात डावीकडे 'राजेश' आणि उजवीकडे 'सुनीता'. आणि दोघांच्या मध्ये हा काळा दांडा!

शालिनी खाली आली. बघितलं. म्हणाली, "अहो, गॅरेजवाल्या अस्लमला बोलवा ना."

"एवढ्याशा वायपरसाठी अस्लम? एक नट काढायचा, दांडा उचलायचा. पाच मिनिटांचं काम आहे."

"मिक्सरच्या वेळीपण पाच मिनिटंच म्हणाला होतात. त्याचं झाकण अजून बसत नाहीये."

"मिक्सर वेगळा, गाडी वेगळी!"

पहिल्या मजल्यावरचे शांतिभाई गॅलरीत दात घासत होते. ते तोंडात ब्रश धरूनच ओरडले, "अरे साहेब, पहिला बॅटरी का वायर निकालो ने! नहीं तो झटका लागशे!"

मला पटलं. बॉनेट उघडलं, बॅटरीची एक तार सोडवली आणि बाजूला केली. बघा, किती व्यवस्थित काम चाललं होतं!

मग मागे आलो. दांड्याच्या बुडाशी प्लास्टिकची टोपी होती, टोपीखाली नट. पाना लावला, नट सुटला. मी ऐटीत शालिनीकडे बघितलं. दांडा उचलला. येईना! ओढला. येईना!

आता मला सांगा, नटच काढला, तर हा बसलाय कशाच्या जोरावर? मी नट परत लावला आणि परत काढला. म्हटलं, चुकून दुसराच नट काढला असेल. पण नट होताच एक! मी टोपी उलटी करून बघितली, गाडीखाली झोपून बघितलं. कशाचा कशाला पत्ता लागेना.

तोपर्यंत खिडक्याखिडक्यांतून सल्ले सुरू झाले होते. कोण म्हणे रॉकेल टाका, कोण म्हणे गरम पाणी ओता. मी सगळं केलं. शिलाई मशीनचं तेल झालं, रॉकेल झालं, शालिनीनं चहाला ठेवलेलं आधणपण झालं. दांडा आपला ढिम्म!

तेवढ्यात नारायणदादा आले. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन मूळ त्यांची, आणि माणसाचं सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. दुधाची पिशवी हातात धरून पाच मिनिटं नुसते बघत राहिले.

"गंज हाय तो. खाडीची हवा हाय आपली, लोखंडाला सोडीत न्हाय. पन मी काय म्हनतो, ह्यो अडाकला कसा? चावी लावून बघितलीस का?"

"दादा, अडकलेल्या वायपरला चावी लावून कसं चालेल? मोटर जळेल ना!"

"मला ठावं न्हाय बाबा. तू शिकलेला हायेस."

शिकलेला म्हटल्यावर माणूस मागे हटतो का? मी दांड्याला टॉवेल गुंडाळला, एक पाय बंपरला लावला, डोळे मिटले आणि सगळ्या ताकदीनं हिसडा दिला. खाड्! दांडा हातात आणि मी साबणाच्या पाण्याच्या बादलीत! दांडा मधोमध वाकला होता. त्याच्यातली स्प्रिंग उडाली ती थेट गटारात. पण निघाला! शांतिभाईंनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या मजल्यावरून शिट्टी आली.

"परत बसेल ना तो?" शालिनीनं विचारलं.

"बसेल की! न बसायला काय झालं?" मी बादलीतूनच म्हणालो.

संध्याकाळी डेकोरेशनवाल्यानं गाडी अशी सजवली की विचारू नका. झेंडूच्या माळा, बॉनेटवर गुलाब, मागे बदाम, 'राजेश' आणि 'सुनीता', मध्ये काही म्हणजे काही नाही. मी तीन वेळा खाली जाऊन मागून बघून आलो. पेणकरपाड्याला पाहुण्यांची गर्दी होती, म्हणून राजू आमच्याकडेच झोपायला आला होता. त्यालाही नेऊन दाखवलं. "भावोजी, तुम्ही ग्रेट आहात," तो म्हणाला. शालिनीसुद्धा हसली. मला वाटलं, आपण आयुष्यात काहीतरी केलं.

रविवारी सकाळी दहाला राजू कोट घालून मागच्या सीटवर बसला. शेजारी शालिनी, पांढऱ्या साडीत. मी चावी लावली, फिरवली.

काही नाही. घुर्र नाही, खट्ट नाही. हॉर्न दाबला, वाजेना. टेपपण मुका!

"काय झालं भावोजी?"

"काही नाही रे. थंडी बसली असेल गाडीला."

"मे महिन्यात?"

राजूचे चार मित्र आपापल्या स्कूटरवरून उतरले, धक्का मारायला लागले. गेटपासून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यापासून परत गेटपर्यंत. झेंडू गळायला लागले. मी म्हणालो, पेट्रोल जास्त झालंय. मग म्हणालो, पेट्रोल कमी पडतंय. मग म्हणालो, कार्बोरेटर. खरं सांगतो, कालपर्यंत धडधाकट असलेल्या गाडीला काय झालं ते मला कळतच नव्हतं. मी वायपर काढला होता, इंजिन नव्हतं काढलं!

अकराला पाच कमी. साडेअकराचा मंगल परिणय, आणि बौद्धाचार्य वेळेचे पक्के. राजू हळूच म्हणाला, "ताई, मी पक्याच्या स्कूटरवर जाऊ का?"

शालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "जा बाबा. वेळ चुकायला नको." तिनं त्याचा कोट नीट केला, आणि कोटबिट घातलेला नवरदेव पक्याच्या मागे बसून भुर्रकन निघून गेला. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. त्या क्षणी धरणीनं पोटात घेतलं असतं ना, तर मी आनंदानं गेलो असतो.

तेवढ्यात कुणीतरी अस्लमला घेऊन आलं. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि मान वर केली.

"साहब, ये बैटरी का वायर किसने निकाला?"

मी खवळलो! सगळ्यांकडे वळून ओरडलो, "कुणी काढली ही तार? लग्नाच्या गाडीशी असली मस्करी?"

मग वरून, गॅलरीतून, शांतिभाईंचा आवाज आला. "अरे साहेब, तुम्हीच काढला ना कल! मेरे सामने!"

आता बोला!

अस्लमनं तार लावली, चावी फिरवली. गाडी लगेच चालू झाली. आणि मागे, वायपरच्या जागी उरलेला तो बोटाएवढा खुंट 'घूंऽऽ' करत जागच्या जागी डावीउजवीकडे फिरायला लागला. अस्लमनं एक बटण दाबलं, तसा तो गुपचूप थांबला.

"साहब, वायपर तो चालू था। बीच में चाबी खींच ली होगी आपने। दोबारा लगाते तो अपने आप नीचे आ जाता।"

म्हणजे अडकला नव्हता? म्हणजे नुसती चावी? मग ते रॉकेल, ते आधण, ती बादली? नारायणदादा गेटपाशी उभे होते. नुसते माझ्याकडे बघून मान हलवत राहिले, ते बोलण्यापेक्षा वाईट.

मी ड्रायव्हरच्या सीटकडे निघालो तर शालिनीनं दार अडवलं. "तुम्ही मागे बसा. अस्लमभाई चालवतील. आणि हॉलवर पोचेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही!"

बसलो मागे. अंगात सफारी सूट, मांडीवर राजू विसरून गेला तो गुलाबांचा गुच्छ. शालिनी पुढे अस्लमशेजारी, रस्ताभर खिडकीबाहेर तोंड करून.

हॉलपाशी गाडी वळली मात्र, बँड सुरू! राजू पाच मिनिटांपूर्वीच बाजूच्या दारानं आत गेला होता, पण ते बाहेर कुणाला ठाऊक? मुलीकडची सगळी माणसं फुलांच्या गाडीची वाट बघत उभी होती. व्हिडिओवाल्याचा तो भगभगीत दिवा माझ्या तोंडावर आला. कुणीतरी दार उघडलं. मी "अहो, मी नाही, मी नाही" म्हणत उतरलो तर डोक्यावर पाकळ्यांचा वर्षाव! मुलीचे काका "जय भीम, जय भीम, या!" म्हणत पुढे झाले. मी सवयीनं हात जोडून "जय भीम" म्हटलं, तेवढ्यात त्यांनी गळ्यात हार घातला. मागे मुलीची आत्या होती. ती शेजारणीला म्हणाली, आणि बँड नेमका तेव्हाच थांबलेला, "अगं, फोटोत तर याच्या डोक्यावर केस होते!"

लग्न वेळेवर लागलं. सुनीता गुणी निघाली, संसार छान चाललाय. फक्त ती कॅसेट कुणी लावली की मी उठून किचनमध्ये जातो.

कारण व्हिडिओवाल्यानं घरी जाऊन कलाकारी केली होती. त्यात गाडी येते, दार उघडतं, मी उतरतो, तेही स्लो मोशनमध्ये. माझ्या तोंडाभोवती गुलाबी बदाम गरगर फिरतोय, आणि खाली झोकदार अक्षरांत लिहिलंय, 'नवरदेवाचे आगमन'. आणि पार मागे, हॉलच्या दारात, टाचा उंच करून 'कोण आलं, कोण आलं' असं बघतोय ना एक कोटातला मुलगा, तो आमचा राजू!