अण्णांची ड्रॉइंग्ज

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे. कदाचित तुम्ही अण्णांना ओळखत नाही म्हणून.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी कम्प्युटर सांभाळायचो. निपाणीहून नवाच आलो होतो, आणि शिष्ट किती, विचारू नका. अण्णा तिथले ड्राफ्ट्समन. बनशंकरी भागातले, पिढ्यान् पिढ्या ह्याच कानडी शहरात राहिलेले मराठी. त्यांची सव्वीस वर्षांची ड्रॉइंग्ज एका डिस्कवर होती. डिस्क भरत आलेली, आणि मालक नवी घेईनात.

मग मी फायली दाबून लहान करणारी फुकटातली साधनं शोधायला बसलो. आठवडाभर. माउसने चालणारं साधं झिप होतं की — पण ते कोणीही वापरतं. मला काळ्या पडद्यावर आदेश टाइप करून चालवायचं, सगळ्यात लहान गठ्ठा बांधणारं हवं होतं. कशासाठी? अण्णांनी मागे उभं राहून बघावं म्हणून. बघायचेही बिचारे, कौतुकाने.

आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी ते चालवलं. पहिला आदेश गठ्ठा बांधायचा, शेवटचा मूळ फायली पुसायचा. मधे एक हवा — गठ्ठा नीट उघडतो का, ते तपासायचा. त्याला वीस मिनिटं लागतात. माझी हेब्बाळची बस होती. मी तो गाळला.

सकाळी पूजेसाठी अण्णांनी सगळी यंत्रं पुसली. कम्प्युटरचाही मेन स्विच बंद करून, पुसून, हळदकुंकू लावलं. दुपारी मी गठ्ठा उघडायला गेलो — उघडेना. मूळ फायली तर पुसल्या गेलेल्या. बांधता बांधता मधेच डिस्कवरची जागा संपली होती. फायलीवरची वेळ आदल्या संध्याकाळची, अण्णांनी स्विच बंद करायच्या कितीतरी आधीची. मी ती वाचली. नीट वाचली. आणि पडद्यावरची ती खिडकी बंद केली.

कारण तेवढ्यात मागून अण्णा म्हणाले, "स्वल्प पुसून घ्यावं म्हटलं रे... मीच बंद केलं. मीच घालवलं सगळं."

एक वाक्य पुरलं असतं, नाही का? मी म्हणालो, "जाऊ द्या अण्णा, होतं असं." म्हणजे — मी त्यांना माफ केलं. मी, त्यांना. आज त्याची लाज वाटते. तेव्हा सुटलो असं वाटलं होतं.

पुढचे पाच महिने ते जुने सुटे भाग मोजून मोजून ड्रॉइंग्ज पुन्हा काढत राहिले. रविवारीसुद्धा. मालक येता-जाता टोचून बोलायचे, अण्णा मान खाली घालून ऐकायचे. साठीला आलेला माणूस, कम्प्युटर बंद करायचा तर मला हाक मारायचा. पुढच्या आयुधपूजेला कम्प्युटरला कुंकू लावायला त्यांनी मलाच पुढे केलं. मी लावलं.

आता ते निवृत्त आहेत. परवा त्यांच्या घरी गेलो होतो. नातीला म्हणाले, "माझ्या हातून मोठी चूक झाली होती. ह्याने सांभाळून घेतलं मला."

पोरगी उठून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.