बारावा नट

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास मी कामावर असताना बालाजीच्या भागीदाराचा, किसनचा फोन आला. बालाजी सूर्यवंशी, वय त्रेपन्न, काळेवाडीतल्या घरी हृदयविकाराने वारला होता. चहा घेऊन खुर्चीत बसला आणि बसूनच राहिला. मी वेळ विचारली, डॉक्टर कधी आले ते विचारलं, बातमीसाठी घ्यावं तसं सगळं कागदावर लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर कळेना, हे लिहून का घेतलं...

बालाजी आणि मी अकरा वर्षं शेजारी होतो. बालाजी मूळचा लातूरकडचा. कंपनीतली नोकरी सोडून त्याने भोसरीत किसनच्या जागेवर ट्रक दुरुस्तीची शेड टाकली. किसन तिथल्या जुन्या शेतकरी घरातला. अठरा वर्षांची भागीदारी. बालाजीचं नाव होतं ते मेनिफोल्डच्या कामासाठी. सगळ्या सिलिंडरमधला जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा हा ओतीव लोखंडी भाग. त्याच्या सांध्यातली गॅसकेट, म्हणजे धूर अडवणारी पातळ पट्टी, फुटली की धूर आणि आच बाहेर येते, सांध्याशी काजळी धरते, धूर केबिनमध्ये शिरतो. शेजारची वायर तापली तर आगीची भीती. बालाजी नवी गॅसकेट बसवून नट मधून बाहेर असे आवळायचा, इंजिन चालवून तापवायचा आणि मग गाडी रात्रभर उभी ठेवायचा. सकाळी गार इंजिनावर प्रत्येक नट पुन्हा आवळायचा, तोही स्वतःच. ड्रायव्हर कुरकुरले तर म्हणायचा, "गार होऊ द्या की राव. तापल्या लोखंडाचं काय खरं असतंय?" हे दुसरं आवळणं त्याने किसनलाही कधी करू दिलं नाही.

शेवटचे दोन महिने तो विसरायला लागला होता. एकच गोष्ट मला एका संध्याकाळी दोनदा सांगितली. मी हसून सोडून दिलं. त्याची बायको सुरेखाताई मात्र घाबरल्या होत्या. सावडून आल्यावर, तिसऱ्या दिवशी, त्यांनी मला बाजूला बोलावलं. "भाऊ, गुरुवारी जेवताना हे म्हणाले, काम अर्धं राहिलंय. कोणाची गाडी होती? त्यांच्या हातून काही राहून कुणाचा जीव गेला तर?"

गाडी कोणाची, हे किसनला शोधावं लागलं नाही. गुरुवारी एकच मेनिफोल्ड झालं होतं, आणि ती गाडी शुक्रवारी पहाटेच शेडमधून निघाली होती. बालाजीने दुसऱ्यांदा न आवळता गाडी सोडली, यावर किसनचा विश्वास बसेना. ड्रायव्हर सुभाष बीडचा. फोन लावला तर तो चाकणला एका कारखान्याबाहेर लोडिंगच्या रांगेत होता. आम्ही दुपारी पोहोचलो. गाडी सकाळपासून बंद होती.

"मिस्त्रींनीच पाना दिला की मला," सुभाष म्हणाला. "म्हणाले, तुला पहाटे निघायचंय, तर गार इंजिनावर तूच आवळ. मधून बाहेर. अकरा नट. आवळले मी अकरा."

"बारा असत्यात," किसन म्हणाला.

"अकराच म्हणाले, मामा. दोनदा म्हणाले."

"झोपंत इचारलं तरी बारा म्हणला असता त्यो! आन् पाना तुला दिला? मला अठरा वर्षांत हात लावू दिला न्हाई, आन् तुला, एका दिसाच्या गिऱ्हाइकाला?"

"मग तुम्ही मागायचा होता," सुभाष म्हणाला. किसनला हसू आलं, आणि ते मध्येच थांबलं.

किसनने हात घालून पाहिलं. बारावा नट मागच्या टोकाला, पाइपाच्या आड होता. ढिला होता. सांध्याशी बोटभर काजळी धरली होती. किसनने इंजिनावर तळहात ठेवून ते गार असल्याची खात्री केली, सुभाषकडून पाना घेतला आणि नट आवळला. मग गाडी सुरू करून काजळीच्या जागेशी कान नेला. धूर नव्हता, आवाजही नव्हता.

बालाजी बारावा नट विसरला, की सुभाषने चुकीचं ऐकलं? आयुष्यभर कुणाला न दिलेला पाना त्याने त्याच दिवशी का दिला? किसन आणि सुभाष, दोघंही खोटं बोलत नव्हते. मी दोघांना पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तरं तीच आली, आणि ती जुळली नाहीत.

तिथूनच मी सुरेखाताईंना फोन केला. गाडी पाहिली, काम पुरं झालंय, असं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"इंजिन गार असताना आवळलं होतं ना?"

"हो. गार होतं."

"मग त्यांनीच केलं असणार," त्या म्हणाल्या, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडल्या.

मी ते तसंच राहू दिलं. अकरा नट सुभाषने आवळले आणि बारावा किसनने, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. सुरेखाताई आमच्या पेपरची ही पुरवणी वाचतात.